गोठ्यातली हळूबाई

अक्का, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांचं एकच म्हणणं आहे, 'शांतपणे गेली हो.' दारात चपला काढताना म्हणतात, पाणी पिऊन पेला खाली ठेवताना म्हणतात, उठताना पुन्हा एकदा म्हणतात. मी मान हलवते. मनात मात्र म्हणते, बायांनो, ही शांतता तिला कुणी आंदण दिली नव्हती. ती शिकली. साठी ओलांडल्यावर, गळ्याच्या कॅन्सरमधून उठल्यावर, मोबाइलमधल्या एका बाईशी रोज भांडून शिकली, आणि ती शिकवणी म्हशीच्या गोठ्यात चालायची. हे आता कुणाला सांगत बसू? तुझं दहावंसुद्धा व्हायचंय. पुढच्या पडवीत सतरंज्या अंथरल्यात, पोरीबाळी चहाच्या किटल्या फिरवताहेत. मी मागच्या ओट्यावर येऊन बसलेय आणि तुलाच सांगतेय. तुला सगळं ठाऊक आहे, पण ते तुझ्या बाजूनं. माझी बाजू तू कधी पुरती ऐकून घेतली नाहीस.

मी दहिवलीहून कडावला या घरात आले तेव्हा तुला 'तुम्ही' म्हणायचे. थोरली जाऊ आहे, मानानं वाग, असं आईनं बजावून पाठवलं होतं. काही दिवस तू ऐकून घेतलंस. मग भाकरी थापता थापता म्हणालीस, "तुमी तुमी काय लावलंयस गं? मी काय तहसीलदार हाय?" त्या दिवसापासून तू 'तू' झालीस. मी शाळेत मास्तरीण, शाळा तिकडे खालापुरात, चौकच्या पुढे. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची ती दिवेलागणीला घरी. माझी दोन्ही पोरं तू वाढवलीस. न्हाऊ घातलंस, दटावलंस, तापात मांडीवर घेऊन बसलीस. ती नोकरी आपण दोघींनी केली, सही तेवढी माझी होती. हे तुझ्यासमोर बोलले असते तर 'चल, काय पन' म्हणून उठून गेली असतीस.

आपल्या घरात बायका मागून जेवतात. मला ते कधीच पटलं नाही, भांडलेही त्यावरून. तू काय म्हणालीस? "मागून जेवतो म्हनून तं निवांत जेवतो. फुडं बसलीस तर अर्धं ध्यान वाढन्यात जाईल." मला अजूनही ते पटलेलं नाही. पण आपल्या दोघींची ती शेवटची पंगत मला हवीशी झाली, हेही खरं. पुरुषमाणसं उठली, पोरं झोपायला गेली की तू चुलीपुढे पाट ओढायचीस आणि मी भिंतीला टेकून बसायची. तिथंच सगळं बोलणं व्हायचं. कुणाचं लग्न मोडलं, शाळेत साहेब काय बोलले, तुझ्या माहेरी चौकला भावाच्या गॅरेजात कुठली गाडी आली. भांडणंही तिथंच व्हायची आणि तिथंच मिटायची, कारण ताटावरून रागानं उठायचं नाही हा तुझा नियम होता. उठलेल्याला खरकटं काढावं लागायचं.

मग तुझा आवाज बसला. आलं झालं, मध झाला, हळदीचं दूध झालं. शेवटी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, तंबाखू?" तू ठसक्यात सांगितलंस, "नाय बा. तंबाकूला शिवत नाय मी. मिश्री लावते फकस्त." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले आणि मी जमिनीकडे. आपल्याकडे मिश्रीला तंबाखू कोण म्हणतं? तंबाखू पुरुष खातात, बायका दात घासतात. तुझी आई घासायची, आजी घासायची, आणि सकाळी मिश्री लावल्याशिवाय बाईमाणसाला तरतरी येत नाही हे सगळ्या गावाला माहीत. परत येताना तू गाडीत एकच वाक्य बोललीस, "मंगल, तो डबा फेकून दे." फेकून दिला. पुन्हा कधी नाव काढलं नाहीस, हे मी आजही लोकांना सांगते.

किरणांचे शेक तू सोसलेस. तोंडावर जाळीचा मुखवटा घालून टेबलाला जखडायचे, हलायचं नाही. तेही सोसलंस. गळा आतून सोलून निघाला, जिभेची चव गेली, नाकातून नळी घातली आणि त्या नळीतून दूध, पेज, औषधं जायला लागली. सगळ्यात अवघड मात्र पुढंच होतं. शेक संपले, जखम भरली, डॉक्टर म्हणाले आता हळूहळू तोंडानं खा. तू पहिल्याच घासाला ठसकलीस. श्वास अडकला, डोळे पांढरे व्हायची वेळ आली, मी पाठीत चापट्या मारतेय आणि दादा, तुझे कारभारी, नुसतेच दारात उभे. घास बाहेर आला, पण त्या घासानं तुझ्या आत कुठंतरी दार लावून घेतलं. त्यानंतर तू तोंडात काही घेईनास. स्वतःची थुंकीसुद्धा गिळेनास. पदराआड एक डबडं घेऊन हिंडायचीस आणि त्यात थुंकायचीस. ज्या बाईनं आख्खं घर जेवायला घातलं, ती रात्रीच्या पंगतीला भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. मग माझ्याही घशाखाली काही उतरेना.

दवाखान्यात गिळायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, तरुण, बारीक चणीच्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वाट मोकळी आहे हो. भीतीनं त्या घसा आवळून धरतात. न गिळता असेच दिवस गेले तर गिळायचे स्नायू काम विसरतात, मग पोटातून कायमची नळी बसवावी लागेल." मी ते तुला सांगणार नव्हते, पण तू माझ्या तोंडावरून ओळखलंस. "कायमची?" असं नुसत्या ओठांनी विचारलंस. मी हो म्हटलं. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. तुला मरणाची भीती वाटली नव्हती, ते मी शेकांच्या वेळी पाहिलं होतं. पण आयुष्यभर जेवायला न बसण्याची भीती तुला वाटली, हे मी त्या दिवशी बघितलं.

त्याच बाईंनी माझ्या मोबाइलवर ती ऑडिओ पाठवली. मन आणि अंग सैल पाडायची. दिवसातून दोनदा ऐकवा म्हणाल्या, शांत खोलीत, निजवून. घसा सैल पडला की घोट आपोआप उतरेल. मी मास्तरीण, सांगितलेला अभ्यास घेणं माझ्या हाडात. घरी आल्यावर मधली खोली झाडली, उदबत्ती लावली, तुला निजवलं, पोरांना दम भरला आणि ऑडिओ सुरू केली. आधी बासरी वाजली. मग एक बाई बोलायला लागली, आवाज असा की साय. "हळूच डोळे मिटा. हळूहळू श्वास आत घ्या. आता हळूच कपाळावरच्या आठ्या सोडून द्या." तू एक डोळा उघडलास. घोगऱ्या कुजबुजीत म्हणालीस, "ही हळूबाय कोन?" झालं. त्या बिचारीचं नाव तिथून पुढे हळूबाईच पडलं.

तू तिचं एक वाक्य सरळ जाऊ दिलं नाहीस. ती म्हणाली, "तुमचा उजवा हात जड जड होतो आहे." तू म्हणालीस, "व्हईल नायतर काय, जन्मभर बादल्या उचलल्या." ती म्हणाली, "आपण एका निळ्याशार समुद्राकाठी आहोत." तुझं तोंड वाकडं झालं. आपण सगळे एकदा अलिबागला गेलो होतो, तेव्हा किनाऱ्यावर उभं राहून तू म्हणाली होतीस, "येवढं पानी आनि शेताला एक थेंब नाय." समुद्र म्हटलं की तुला आठवायची सुकवलेली मासळी, आणि शेकांनंतर त्या वासाच्या नुसत्या आठवणीनं तुला उमासा यायचा. समुद्राचं वाक्य आलं की तू डबडं जवळ ओढायचीस. शांत करायला लावलेल्या ऑडिओनं बाईला ओकारी आली तर तिच्या जावेनं काय करावं?

पण सगळ्यात मोठा घोटाळा ढगांनी केला. दसरा होऊन गेलेला, भात कापून शेतात वाळायला पडलेलं. हळूबाई म्हणाली, "मनातले विचार येऊ द्या, जाऊ द्या. आकाशात पांढरे ढग हळूहळू येत आहेत..." तू ताडकन उठून बसलीस. नाकातली नळी सावरत, अनवाणी, पडवी ओलांडून अंगणात. मी मागून धावतेय, "अक्का, काय झालं?" तू मान वर करून आख्खं आभाळ तपासलंस, माथेरानच्या अंगानं बघितलंस, उलट फिरून बघितलंस. आभाळ कोरडं ठणठणीत. तेव्हा कुठं श्वास सोडलास आणि माझ्यावर डाफरलीस, "भात भायेर असताना कसले ढग आनते ती? तिला काय शेती हाय का नाय?" दादा ओट्यावर बसले होते. ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. मीही हसले. त्या दिवशी मला कळलं की हे या खोलीत जमायचं नाही.

तिकडे गोठ्यात वेगळंच दुखणं चाललं होतं. चांदी म्हैस तुझ्या हातची. कपाळावर पांढरा टिळा आणि स्वभाव थेट तुझा. तू धार काढायला बसलीस की तिच्या कुशीला डोकं टेकवून काहीतरी पुटपुटायचीस, "हां माजी बाय, सोड गं, सोड," आणि ती पान्हा घालायची. आता तुझा आवाजच गेला होता. दादा बसले की ती पान्हा चोरायची. शेर-दीड शेर दूध द्यायची आणि बाकीचं वर ओढून ठेवायची. दहिवलीच्या नसीमभाभींच्या घरी कधीपासून चांदीचंच दूध जायचं, त्यांना अर्धं भांडं पाठवताना दादांना लाज वाटायची. शेवटी कुणीतरी सांगितलेला जुना उपाय त्यांनी केला. तुझं नेसूचं लुगडं अंगावर गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि बसले धारेला. चांदीनं वास घेतला, मान वळवून दादांच्या मिशा बघितल्या आणि बादलीला लाथ घातली. तू दारात उभी होतीस. आवाज न काढता हसलीस, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आजारपणात पहिल्यांदा तुला हसताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू स्वतःच गोठ्यात जाऊन बसलीस. धार काढायची ताकद नव्हती, पण चांदीला तू दिसावीस म्हणून. नेमकी ऑडिओची वेळ झाली होती आणि मी हट्टानं मोबाइल घेऊन मागोमाग आले. तू हातानं 'जा' म्हणालीस. मी गेले नाही. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला अडकवला आणि सुरू करून दिला. तू कपाळाला हात लावलास. मग सवयीनं चांदीच्या कुशीला डोकं टेकवलंस. दादा पलीकडून सडाला हात लावून बसले. हळूबाई सुरू झाली, "हळूच खांदे सोडा... हळूच जबडा सोडा..." आणि चांदीनं सोडलं. बादलीत धार अशी वाजायला लागली की दादा ओरडले, "मंगल, बघ गं! बघ! पान्हावली!"

मी बादलीकडे बघितलंच नाही. मी तुझ्याकडे बघत होते. तुझे डोळे मिटलेले, गाल म्हशीच्या अंगावर, म्हशीच्या श्वासाबरोबर तुझं डोकं वर होतंय, खाली होतंय. आणि तू जांभई दिलीस. शेकांपासून तुझा जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नव्हता, जांभई आली तरी तू ती दातांत दाबायचीस. ही पूर्ण आली, मोठी, आवाजासकट. त्यानंतर तुझ्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. तू गिळलंस. आपण काय केलं हे तुझं तुलाही कळलं नाही. डबडं तिथंच गवतावर होतं, कोरडं. मी बोलले असते तर पुन्हा भ्यायली असतीस. खुंटीला धरून नुसती उभी राहिले आणि रडले. दादांना वाटलं दुधासाठी रडते.

गिळायला शिकवणाऱ्या बाईंना मी फोनवर घाबरत घाबरत हे सांगितलं. म्हटलं, शांत खोली सांगितली होती तुम्ही, पण आमची माणसं गोठ्यात शांत होतात. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "अहो, चालेल की. जिथं घसा सैल पडतो तिथं खाऊ घाला. स्वच्छ हात, ताठ बसून, एकेक लहान चमचा, आणि ठसका आला तर थांबायचं." मग काय, आपला दवाखानाच गोठ्यात भरायला लागला. चांदीजवळची जागा मी रोज धुऊन काढायची. तू लाकडी स्टुलावर ताठ, मी समोर दह्याची वाटी घेऊन. हळूबाईचं झालं की एक चमचा. पहिल्या दिवशी एकच. चमचा तोंडात गेल्यावर तू माझं मनगट असं धरलंस की वळ उठले. उतरला. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "आंबट हाय." जिभेला चव परतली होती की नुसता तुझा दोष काढायचा स्वभाव परतला होता, ठाऊक नाही. मला दोन्ही चाललं असतं.

गावात बोभाटा झालाच. "गोठ्यात जेवते म्हणे," "म्हशीला मोबाइल ऐकवतात म्हणे." नसीमभाभी मुद्दाम बघायला आल्या. दारात उभ्या राहून पूर्ण ऑडिओ ऐकली आणि म्हणाल्या, "अक्का, मला पन पाठवा हे. आमच्या घरात सगळ्यांनाच लागनार हाय." त्या ईदला त्यांनी तुझ्यासाठी शिरखुर्मा वेगळा आणला, सुका मेवा पाट्यावर गंधासारखा बारीक वाटून घातलेला. तू वाटीभर खाल्लास. बाकीच्यांचा मेव्याचे तुकडे असलेला शिरखुर्मा बघून तोंडही वेंगाडलंस, की मला का वाटलेला? नसीमभाभी म्हणाल्या, "फुडच्या ईदला तुकडेवाला." पुढच्या ईदला त्यांनी तो दिला, आणि तू तो चावून खाल्लास.

आता आपल्या न मिटलेल्या भांडणाकडे येते. माझं म्हणणं होतं, तुला ऑडिओनं बरं केलं. तुझं म्हणणं, छट्, चांदीनं. आणि दादांचं म्हणणं तर तिसरंच, ते म्हणायचे तुला जळकेपणानं बरं केलं. त्यात तथ्य होतं, अक्का. चांदी हळूबाईच्या आवाजाला पान्हा घालते हे तुला फार लागलं होतं. "मी जन्मभर चारा घातला आनि ही त्या भवानीला दूध देते?" म्हणून तू त्या फाटक्या, खरखरीत आवाजात स्वतःच पुटपुटायला लागलीस. पहिल्यांदा चांदीनं ओळखलंच नाही, कान टवकारून मागे सरली. तू चिडलीस, पण सोडलं नाहीस. गळ्याचे जे व्यायाम दवाखान्यातून सांगितले होते आणि जे तू माझ्यासमोर कधी धड केले नाहीस, ते तू म्हशीसमोर सगळे केलेस. मोबाइल चालू असायचा, हळूबाई म्हणायची "हळूच श्वास सोडा," आणि तू तिच्यावर आवाज चढवून म्हणायचीस, "तू गप. चांदे, हिकडं बघ." हळूहळू म्हैस तुझ्या नव्या आवाजाला वळली. ज्या दिवशी मोबाइल न लावता ती पान्हावली, त्या दिवशी तू गोठ्यातून अशी आलीस की जशी काही ग्रामपंचायतीची निवडणूक जिंकून आलीस.

तरीही तू ऑडिओ बंद केली नाहीस, हे मी विसरलेले नाही. तुझ्याजवळ स्वतःचा मोबाइल आल्यावर पहिलं काय भरून घेतलंस? दुपारी माजघरात पडल्या पडल्या कानाशी धरून ऐकायचीस. मी डोकावले की झटकन पालथा घालायचीस आणि म्हणायचीस, "येळ बघत व्हते." समुद्राचं वाक्य आलं की कूस बदलायचीस, ढगांच्या वाक्याला पुटपुटायचीस, "भात घरात हाय, येऊ दे." दवाखान्यात तपासणीला गेलं की बाहेर बसलेल्या नवीन बायांना, नाकात नळी, डोळ्यांत भीती, तू सांगायचीस, "घरात हाय का म्हस? नाय? मग मांजर तरी?" त्या गोंधळायच्या. मग तू पदराखालून मोबाइल काढून त्यांच्या कानाशी धरायचीस. हे सगळं करून भांडणात मात्र शेवटपर्यंत चांदीची बाजू सोडली नाहीस. बरं, चांदीही गेली, आता तिच्या पारडीचं दूध येतं. हार मानायला तुला तेवढं निमित्त पुरलं असतं. नाही मानलीस. मीही नाही मानत.

नळी काढली तो दिवस मला हवा तेव्हा आठवता येतो. घरी आलो, सगळ्यांची जेवणं झाली, तू चुलीपुढे पाट ओढलास. एक नाही, दोन. मी मऊ गुरगुट्या भात वाढला, वर दूध आणि मिठाची कणी. भिंतीकडे नाही, माझ्याकडे तोंड करून बसलीस. एका घासाला किती वेळ लागत होता, मध्येच पाण्याचा घोट, मध्येच थांबणं. माझं ताट संपलं तरी मी बोटांनी कडा पुसत बसले. तू म्हणालीस, "जेव की आजून, लाजतीस काय?" म्हणून मी पुन्हा भात घेतला. भूक नव्हती. त्या दिवशी मी पोट फुटेस्तोवर जेवले, आणि इतकं सुखाचं जेवण मी ना त्याआधी जेवले ना नंतर.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली, अक्का. लोक आता हळहळतात, 'किती भोगलं बिचारीनं.' मी त्यांना म्हणते, भोगलं ते थोडं, जगली ती पुष्कळ. तू नातसुनेला धार काढायला शिकवलंस. त्या खरखरीत आवाजात लग्नांत उखाणे घेतलेस, आणि पोरं तुझ्या आवाजाची नक्कल करायची तर त्यांना चूक काढून दाखवायचीस. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मला हार घालायला शाळेपर्यंत आलीस आणि हार घालून कानात म्हणालीस, "आता घरातलं काम शिक." गळ्याच्या दुखण्यानं तुला पुन्हा कधी गाठलं नाही. तुला नेलं ते हृदयानं. कर्जतच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हृदय थकलंय, आता घरी ठेवा, आराम द्या.

त्या दुपारी तुला धाप लागली. मी पाठीला उशा लावून तुला बसती केली आणि मोठ्या भरवशानं मोबाइल काढला. इतक्या वर्षांची खात्रीची वस्तू. बासरी वाजली, हळूबाई म्हणाली, "हळूच डोळे मिटा," आणि तू हात उचललास.

"बंद कर तिला."

मला वाटलं आवाज मोठा झाला. कमी केला. तू मान हलवलीस. "बंदच कर. तू बोल."

"मी? मी काय बोलू?"

"काय पन. रोज बोलतीस ना जेवताना."

अक्का, माझ्याकडे ना बासरी, ना सायीसारखा आवाज. शाळेत पोरांवर ओरडून ओरडून आवाजाची पार किसणी झालेली. शांत करणारं एक वाक्य मला येत नाही. म्हणून मी आपलं नेहमीचं सुरू केलं. मागच्या अळवाला पानं मोठी आलीत, उद्या वड्या करते म्हणाले. नसीमभाभींची नात नोकरीला लागली म्हणाले. दादांनी पुन्हा चष्मा गोठ्यात हरवला आणि म्हशीवर आळ घेतला म्हणाले. तू डोळे न उघडता म्हणालीस, "कोनाडीत बघ." मी पुढे बोलत राहिले. कोण आलं, कोण गेलं, भाजीत मीठ जास्त झालं, धाकट्याच्या सासरचे किती आखडू आहेत. तुझी धाप हळूहळू बसली. तुझ्या कपाळावरची आठी गेली. हात माझ्या मांडीवर जड होत गेला, खरोखरचा जड, आणि ह्या वेळी तू त्यावर काही उलट बोलली नाहीस.

दादा दारात आले. बराच वेळ उभे राहून बघत होते. मग तुझ्या पायाशी बसले, तुझ्या पावलांवर हात ठेवला आणि म्हणाले, "मंगल, थांब आता. गेली ती."

मी ऐकलं, पण थांबले नाही. चुलीवर दूध ठेवलंय, उतू जाईल, असलं काहीतरी बोलतच होते. दादांनीही मला पुन्हा अडवलं नाही.

आजही ओट्यावर बसून मी तेच करतेय. पुढून हाका मारताहेत, पाहुणे निघालेत, बायका म्हणताहेत मंगलला काय झालं, एकटीच बडबडते. त्यांना काय सांगू? तू मला 'बोल' म्हणालीस, अक्का. 'पुरे' अजून म्हणालेली नाहीस.